पंचहजारींची दुरुस्ती

संस्थेत त्यांना सगळे पंचहजारी म्हणत. पाठीमागे तर म्हणतच, पण संचालक भर सभेतही म्हणत, आणि ते नुसते चष्मा पुसत. त्यांच्या एका शोधनिबंधाचा उल्लेख जगभरातल्या पाच हजारांवर निबंधांनी केला होता. शास्त्रज्ञाची पत हल्ली अशीच मोजतात. त्यानं काय शोधलं हे बघायला वेळ कुणाला आहे? किती जणांनी त्याचं नाव घेतलं, ते सांगा. नाव घेणाऱ्यानं निबंध वाचलाच पाहिजे अशी सक्ती नाही. तशी सक्ती केली तर विज्ञान एका आठवड्यात ठप्प होईल.

निबंधात म्हटलं होतं की मूत्रपिंडं हळूहळू निकामी करणाऱ्या एका आजारात नेहमीची गोळी दुप्पट मात्रेत दिली, तर मूत्रपिंडं वाचतात. निबंध आटोपशीर, तक्ते दोन, भाषा ठणठणीत. अडचण एवढीच होती, की ते खरं नव्हतं.

हे कळायला बारा वर्षं गेली. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थिनीला शीतपेटी आवरताना जुन्या प्रयोगाचे रक्ताचे नमुने सापडले. पोरगी नको तितकी कामसू. टाकून द्यायच्या आधी तिनं ते पुन्हा तपासले. ‘साधी मात्रा’ लिहिलेल्या डब्यातल्या रक्तात औषध दुप्पट निघालं आणि ‘दुप्पट’ लिहिलेल्या डब्यात साधं. डब्यांवरच्या चिठ्ठ्याच उलट लागल्या होत्या. म्हणजे दुप्पट गोळी घेणारेच खंगले होते, आणि साधी घेणारे धडधाकट राहिले होते.

पंचहजारी लबाड नव्हते, हे इथे सांगितलंच पाहिजे. लबाड माणसानं ते नमुने मोरीत ओतले असते. त्यांनी रीतसर दुरुस्ती छापली. फक्त त्या वर्षी विभागप्रमुख निवडायचे होते, त्यामुळे दुरुस्ती त्यांनी फार सभ्य भाषेत लिहिली. ‘पूर्वप्रकाशित निष्कर्षांच्या दिशेबाबत काही प्रमाणात फेरविचार इष्ट ठरू शकेल.’ हे वाक्य घडवायला त्यांना तीन रविवार लागले. या दुरुस्तीचा उल्लेख आजवर तीन निबंधांत झाला. त्यातले दोन त्यांचे स्वतःचे. तिसऱ्यानं ती मूळ निष्कर्षाचा आणखी एक पुरावा म्हणून जोडली होती.

ते विभागप्रमुख झाले. निबंधाचा आकडा वाढत राहिला. आणि मग त्यांच्या थोरल्या बहिणीला तोच आजार झाला.

आई लवकर गेल्यावर या ताईनंच त्यांना वाढवलं होतं. ती दुसऱ्या शहरात एकटी राहायची. आजाराचं तिनं कळवलंच नाही. शेवटी शेजारणीचा फोन आला तेव्हा हे धावत रुग्णालयात पोचले. ताईचं तोंड सुजलेलं, पाय खांबासारखे.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुला कशाला त्रास? तुझंच तर औषध चालू आहे.” ताईनं शेजारच्या खाटेकडे मान वळवली. “मावशी, हाच बरं का तो.”

खाटेवरच्या मावशींनी कौतुकानं हात जोडले. वॉर्डात सात खाटा होत्या. ताईनं भावाची कीर्ती इतकी गायली होती, की दोघांतिघांनी डॉक्टरांच्या मागे लागून गोळी दुप्पट करून घेतली होती. बाकीच्यांना ती आधीपासूनच दुप्पट होती.

पंचहजारींनी खाटेला अडकवलेला तपासण्यांचा कागद पाहिला. सहा महिन्यांत आकडे कसे घसरत आले ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. असाच उतार त्यांनी स्वतः एका तक्त्यात काढला होता, फक्त चुकीच्या बाजूला. त्यांनी डॉक्टरांची खोली गाठली.

डॉक्टर तरुण होता. नाव ऐकताच ताडकन उभा राहिला. “सर! तुमच्या पेपरवर तर आम्ही परीक्षा पास झालो.”

“वाचलात?”

“तो वाचायचा कुठे असतो, सर? पाठ असतो.”

“ताईची गोळी बंद करा. निदान मात्रा निम्मी करा. आज.”

“कशाच्या आधारावर, सर?”

“माझ्या.”

“तुमच्याच आधारावर तर चालू केलीय.”

पंचहजारींनी दुरुस्ती सांगितली. डॉक्टरनं ती फोनवर शोधून काढली, दोनदा वाचली, कपाळाला आठी घातली. तो मूर्ख नव्हता. तो फक्त वाक्यात जे होतं तेवढंच वाचत होता.

“सर, तुम्ही म्हणता फेरविचार इष्ट ठरू शकेल. इष्ट आहे असंही म्हणत नाही. आणि इथे चाळीस पेपर आहेत गोळीच्या बाजूनं.”

“ते सगळे माझाच हवाला देतात हो!”

“म्हणजे चाळीस जणांचा तुमच्यावर विश्वास आहे, आणि तुमचाच नाही?” त्यानं पाण्याचा पेला पुढे केला. “सर, मी उपचार मनानं बदलले आणि उद्या काही झालं, तर मला विचारतील कुणाला विचारून? समितीकडे लिहा. तीन महिन्यांनी बसते. नाहीतर पेशंटनं स्वतः नकार दिला तर माझा नाइलाज.”

तीन महिने ताईकडे नव्हते. ते पुन्हा खाटेशी आले.

“ताई, ती गोळी घेऊ नकोस.”

“का?”

“ती चांगली नाही.”

ताई हसली. “अजून तस्साच आहेस. वर्गात पहिला आलास तरी सांगायचास, बाकीची पोरं आजारी होती म्हणून. तुला कौतुक सोसतच नाही, शहाण्या.”

“अगं, मी छापलंय तसं. दुरुस्ती छापलीय.”

“वाच बघू.”

त्यांनी वाचून दाखवली. ताई डोळे मिटून ऐकत होती.

“दिशेबाबत म्हणजे काय?”

“म्हणजे... परिणाम कुठल्या बाजूला झाला ते.”

“फेरविचार म्हणजे?”

“म्हणजे उलट झाला.”

“इष्ट ठरू शकेल म्हणजे?”

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ताईनं डोळे उघडले.

“तुला विचारतेय मी. सरळ सांग. गोळीनं काय होतं?”

“दुप्पट घेतली की मूत्रपिंडं मरतात.”

शेजारी मावशी कुशीवर झोपल्या होत्या. पंख्याखाली कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. ताईनं स्वतःच्या सुजलेल्या हाताकडे पाहिलं.

“हे तुला केव्हापासून ठाऊक आहे?”

“आठ वर्षं.”

“मग सरळ का नाही लिहिलंस?”

“त्या वर्षी निवड होती. विभागप्रमुखाची.”

“झालास?”

“झालो.”

“चांगलं झालं,” ताई म्हणाली. तिनं शिवी दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. “तुला शुद्धलेखनाला चोप चोप चोपलं मी. त्याऐवजी सरळ बोलायला शिकवायला हवं होतं. आता इथे बसलायस काय? सहा खाटा आहेत समोर. ऊठ. सांग त्यांना. आणि ते इष्टबिष्ट इथेच ठेव.”

भेटीची वेळ होती. प्रत्येक खाटेशी कुणी ना कुणी बसलं होतं. डॉक्टरही फेरीला आला होता. पंचहजारी वॉर्डाच्या मध्यभागी उभे राहिले. परदेशांतल्या मोठमोठ्या सभागृहांत ते बोलले होते, तसेच इथेही सुरू झाले.

“मंडळी, उपलब्ध माहितीवरून असं संभवतं, की...”

“शहाण्या!” मागून ताई ओरडली.

“ती गोळी दुप्पट घेऊ नका,” ते एका दमात म्हणाले. “तिनं मूत्रपिंडं मरतात. चूक माझी आहे. मी उलटं लिहिलं. घेऊ नका.”

मग खिडकीजवळच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा उठला. “डॉक्टर, हे कोण?”

“ज्यांनी ते औषध सुचवलं, ते हेच सर,” डॉक्टर अवघडून म्हणाला.

“पेपरात काय आहे मग? घ्या, की घेऊ नका?”

“घ्या.”

“छापून आलंय?”

“हो.”

“आणि आत्ता बोलले ते?”

“ते...” डॉक्टरनं पंचहजारींकडे पाहिलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, मग बसलं. “या शब्दांत नाही.”

“मग झालं तर!” मुलगा चवताळला. “माझा बाप कसाबसा धीर धरून आहे, आणि हे इथे येऊन त्याला घाबरवतायत? बाहेर काढा ह्यांना.”

“ताईंचं बघून डोकं फिरलं बिचाऱ्याचं,” कुणीतरी हळहळलं. “एवढा हुशार माणूस!”

डॉक्टरनं त्यांच्या खांद्यावर आदरानं हात ठेवला. “सर, चला. थोडं पडा माझ्या खोलीत.” दाराशी रखवालदार आलाच होता. त्यानंही धक्काबुक्की केली नाही, नुसतं कोपराला धरून चालवत नेलं. पंचहजारी जाता जाता प्रत्येक खाटेला “घेऊ नका, घेऊ नका” म्हणत गेले. खाटांनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं.

“अहो, खरं बोलतोय तो!” ताई उशीवरून मान उचलून सांगत होती. “आयुष्यात पहिल्यांदा बोलतोय!”

“हो हो,” मावशी म्हणाल्या, “तुम्ही पडा बघू.”

संध्याकाळी नर्स औषधांची गाडी घेऊन आली. गिळल्याशिवाय ती खाटेजवळून हलत नसे. ताईनं तोंड घट्ट मिटून मान हलवली. नर्सनं दोनदा समजावलं, एकदा रागावली, मग कागदावर ‘नकार’ लिहून वाटी तिथेच ठेवली आणि पुढे सरकली.

मावशींनी आपल्या दोन्ही गोळ्या गिळल्या, वर पाणी प्यायल्या आणि ताईच्या वाटीकडे पाहत राहिल्या.

“घेणार नाही म्हणता?”

“नाही.”

“मग मला तरी द्या की. चांगलं औषध वाया कशाला?”

ताईनं वाटी जवळ ओढली आणि गोळ्या खाटेखालच्या लघवीच्या भांड्यात टाकल्या. मावशींना ते फार लागलं. सहा महिन्यांची सोबत, आणि दोन गोळ्यांसाठी बाईनं हात आखडावा!

“सिस्टर,” त्यांनी भिंतीकडे तोंड करून हाक मारली, “आणखी असतील का हो?”

गाडीवर भरपूर होत्या.