बावीस बंद पाकिटं

मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसातला व्हर्नेल गॅड्सडेनला पहिल्यांदा कुणाला तरी सांगावं लागलं, "तुमचं नाव यादीत दिसत नाही." सांगताना तिला वाटलं, चूक आपलीच असणार. तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. टी अक्षराखाली टेट होते, टर्नर होते. टॉलिव्हर नव्हते.

समोर टेबलाला टेकून आयसम टॉलिव्हर उभे होते. वय चौऱ्याऐंशी. चर्चचा कारभार बघणारे डीकन, म्हणून सगळी वस्ती त्यांना डीकनच म्हणायची. अंगावर रविवारचा तपकिरी सूट, हातात हॅट. पूर्वी मतदान त्यांच्या घरापासून दोन मिनिटांवर, चर्चच्या तळघरात व्हायचं. या वर्षी ते केंद्र बंद करून अकरा मैल लांबच्या अग्निशमन केंद्रात नेलं होतं. पुतणीच्या गाडीतून ते एवढं अंतर आले होते.

"नीट बघ, पोरी," ते म्हणाले. "तुला दात यायच्या आधीपासून मी मत देतोय."

"दोनदा बघितलं, डीकन."

"मग तिसऱ्यांदा बघ. पासष्ट साली काळा माणूस म्हणून मला तीनदा परत पाठवलं होतं, चौथ्यांदा नाव घातलं. तेव्हापासून एक निवडणूक सोडली नाही मी. बायको गेली त्या आठवड्यातसुद्धा आलो होतो."

व्हर्नेलनं तिसऱ्यांदा बघितलं. मग खालच्या खणातून हिरवं पाकीट आणि वेगळी मतपत्रिका काढली. यादीत नाव नसलेल्यांसाठी ती सोय होती. मत द्यायचं, पाकिटात बंद करायचं, वर सही करायची. तीन दिवसांत राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयात गेलं की तिथं नाव तपासून पाकीट उघडलं जायचं. पाकिटाबरोबर एक छापील चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: शुक्रवार, सायंकाळी पाचपर्यंत.

"म्हणजे माझं मत आत्ता मोजणार नाही," डीकन म्हणाले.

"मोजणार. फक्त शुक्रवारपर्यंत विजेचं बिल घेऊन जायचं. मी सांगते ना तुम्हाला."

तिनं ते मनापासून सांगितलं होतं. व्हर्नेल शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि गेल्या चौदा वर्षांत प्रत्येक निवडणुकीला सुट्टी टाकून टेबलावर बसली होती. तिच्या शब्दाला वस्तीत किंमत होती.

अकरा वाजेपर्यंत तिच्याकडची हिरवी पाकिटं निम्मी संपली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की नावं नसलेले सगळे ओढ्यापलीकडचे आहेत, आणि सगळे काळे आहेत. आदल्या वर्षी काउंटीनं तिकडच्या रस्त्यांना नवी नावं दिली होती, रुग्णवाहिकेला घर सापडावं म्हणून. तोवर टपालात 'रूट दोन, पेटी एकशे अठरा' असलेलं डीकनचं घर आता 'हेरन क्रीक लेन, सेहेचाळीस' झालं होतं. घर तेच, अंगणातलं पिकॅनचं झाडही तेच. निवडणूक कार्यालयानं मात्र पडताळणीची कार्डं जुन्या पत्त्यांवर धाडली. ती परत आली. ज्यांची कार्डं परत आली त्यांची नावं कापली गेली.

व्हर्नेलनं कार्यालयात फोन लावला. कार्ला विम्बर्ली तिथली प्रमुख होती. गोड बोलणारी गोरी बाई, नाताळाला सगळ्या केंद्रांवर स्वतः भाजलेली बिस्किटं पाठवायची.

"मिसेस विम्बर्ली, ओढ्यापलीकडची अख्खी वस्ती यादीतून गेलीय. ही माणसं कुठं गेलेली नाहीत. रस्त्याचं नाव तुम्हीच बदललंत."

"रस्ते माझ्याकडे नाहीत, व्हर्नेल. तो विभाग वेगळा."

"पण यादी तुमच्याकडे आहे."

"म्हणूनच तर हिरवी पाकिटं दिलीत. चिठ्ठी द्या, शुक्रवारी पाच सांगा. सगळं नीट होईल."

संध्याकाळी टेबल आवरताना तिनं मोजलं. एकतीस पाकिटं. काही जण पाकीट न घेताच निघून गेले होते. त्यांचा आकडा कुणाकडेच नव्हता.

बुधवारी आणि गुरुवारी शाळेतलं काम आटोपलं की ती आपल्या जुन्या गाडीतून लोकांना कार्यालयात नेत होती. दोन दिवसांत सात जणांचं काम झालं. डीकनना ती बुधवारीच न्यायला गेली होती, पण त्यांच्या छातीत कफ दाटला होता. "शुक्रवारपर्यंत बरा होतो," ते म्हणाले, "तू आधी कामावर जाणाऱ्यांना ने." बाकीचे बहुतेक कोंबडीच्या कारखान्यात पाळीवर होते आणि शुक्रवारी कारखान्याला माजी सैनिक दिनाची सुट्टी होती. सगळ्यांनी शुक्रवारच धरला होता.

गुरुवारी चार वाजता दोघा म्हाताऱ्या बहिणींना घेऊन ती कार्यालयात पोचली, तर दारावर टेपनं कागद चिकटवलेला. शुक्रवारी सुट्टीनिमित्त कार्यालय बंद राहील.

बहिणींना रांगेत उभं करून ती थेट विम्बर्लीच्या टेबलाशी गेली.

"उद्या बंद?"

"सुट्टी आहे ना."

"चिठ्ठीवर शुक्रवार पाच लिहिलंय."

विम्बर्लीनं चिठ्ठी हातात घेतली, वाचली आणि परत दिली. "ती दर वेळी तशीच छापून येते."

"मग मुदत सोमवारपर्यंत वाढवा."

"मुदत कायद्यात आहे, व्हर्नेल. मी कोण वाढवणारी? अजून एक तास आहे. ज्यांना यायचंय त्यांना बोलावून घ्या."

कारखान्यात कामगारांचे फोन कपाटात असतात. व्हर्नेलनं जिन्यात बसून एकेक नंबर फिरवला. कुणाचा लागला नाही, कुणाचा उचलला नाही. डीकनचा लागला, पण ते उठायला गेले आणि पुन्हा पलंगावर बसले. पुतणी गावाबाहेर होती. तिथून डीकनच्या घरी जाऊन-येऊन बावीस मैल आणि घड्याळात पावणेपाच. पाच वाजता पहारेकऱ्यानं तिला बाहेर जायला सांगितलं. तोवर बहिणी धरून नऊ जणांचं झालं होतं.

शुक्रवारी सकाळी नऊला ती त्या बंद दारासमोर जाऊन उभी राहिली. कुणाला काही करून देता येणार नव्हतं. पण लोक तिच्या शब्दावर येणार होते आणि त्यांना नुसतं कुलूप दिसावं हे तिला सहन होईना. सोबत वही नेली होती. जो येईल त्याचं नाव आणि वेळ ती लिहीत गेली. वारा बोचरा होता. लोक विजेची बिलं, भाडेपावत्या कोटाच्या आत जपून आणत होते. पाचपर्यंत तेरा जण आले.

शॅनेस रॉबी दुपारी आली. वीस वर्षांची, कारखान्यात कोंबड्यांची हाडं काढायच्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहणारी. तिचं हे पहिलंच मत. कुलूप बघून तिनं व्हर्नेलकडे पाहिलं.

"मिस व्हर्नेल, तुम्ही शुक्रवार म्हणालात."

"म्हणाले मी."

"मी सुपरवायझरला विचारणार होते काल सोडायला. मग म्हटलं, कशाला? तुम्ही म्हणालात ना शुक्रवार."

"माझ्याशी भांड तू, शॅनेस. माझ्यावर ओरड हवं तर."

"ओरडून काय होणार?" ती म्हणाली. "लिहा, दोन वाजून दहा मिनिटं." आणि बिलाची घडी करून खिशात घालून ती निघून गेली.

काउंटीचा कारभार चालवणाऱ्या मंडळावर ओढ्याकडच्या भागातून एकच जागा होती. लमार ब्रँटली उभे होते, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. केंद्र पुन्हा चर्चमध्ये आणायचं, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. ते सतरा मतांनी पडले. बंद पाकिटं बावीस होती.

पुढच्या मंगळवारी निवडणूक मंडळाची सुनावणी झाली. तीन सदस्य, अध्यक्ष हॅस्केल नावाचे वकील. व्हर्नेल वही आणि चिठ्ठी घेऊन गेली. तिनं रस्त्यांच्या नावांपासून सगळं सांगितलं. हॅस्केलनी मध्ये तोडलं नाही. ते ऐकत होते, कागदावर काहीतरी लिहीत होते, आणि तिला वाटलं, समजतंय यांना.

मग त्यांनी विचारलं, "मतदारांना शुक्रवार हा दिवस कुणी सांगितला?"

"मी सांगितला. चिठ्ठीवरही तोच आहे."

"चिठ्ठीची मागची बाजू वाचाल का?"

मागं बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. तिसरी ओळ अशी: पुरावे कार्यालयीन कामकाजाच्या दिवशीच स्वीकारले जातील.

"ही ओळ तुम्ही मतदारांना वाचून दाखवलीत?"

"नाही."

"चौदा वर्षं काम करताय. कधीच वाचली नाहीत?"

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. विम्बर्ली शेजारच्या रांगेत खाली मान घालून बसली होती.

"मी मिसेस विम्बर्लींना फोन केला होता," ती म्हणाली. "त्यांनीही शुक्रवारच सांगितलं."

"मिसेस विम्बर्ली?"

"त्या दिवशी दोनशे फोन आले," विम्बर्ली हळू आवाजात म्हणाली. "मला प्रत्येक आठवत नाही."

दोन विरुद्ध एक मतानं ठरलं की पाकिटं उघडायची नाहीत. इतिवृत्तात लिहिलं गेलं की केंद्रावरील कर्मचाऱ्यानं अपुरी माहिती दिली. ब्रँटलींचा वकील न्यायाधीशाकडे गेला. न्यायाधीशांनी खेद व्यक्त केला, पण निकालावर शिक्का बसला आहे, आता हात घालता येणार नाही, असं सांगितलं. थँक्सगिव्हिंग सणाच्या आदल्या दिवशी व्हर्नेलला पत्र आलं. पुढच्या निवडणुकीपासून तिच्या सेवेची गरज नव्हती. खाली विम्बर्लीची सही होती आणि सहीशेजारी हातानं लिहिलेलं 'आभार'.

ब्रँटली तिला म्हणाले, "तुम्ही जीव तोडून केलंत. आता सोडा." पण तिला सोडवेना. बावीस जणांना निकाल काउंटीनं पत्रानं कळवला होता, आणि ती पत्रं पुन्हा जुन्या पत्त्यांवर गेली असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शनिवारी ती स्वतःच निघाली. घरोघर.

तिला वाटलं होतं, लोक चिडतील. कुणीच चिडलं नाही. एका बाईनं दारातच "बरं" म्हटलं आणि आत शिजत असलेल्या पालेभाजीखालचा गॅस बारीक करायला गेली. एक जण म्हणाला, मला वाटलंच होतं. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. शॅनेसनं दार उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मला न्यायला येऊ नका, मिस व्हर्नेल. राग नाही. पण येऊ नका."

डीकन खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, मांडीवर गोधडी. खोकला गेला नव्हता. तिनं सांगितलं.

"पाकीट उघडलंच नाही?"

"नाही."

"म्हणजे मी कुणाला मत दिलं, ते कुणाच्याच डोळ्याखालून गेलं नाही."

"नाही, डीकन."

"मग तुला सांगतो."

"नका सांगू," ती सवयीनं म्हणाली. "गुप्त असतं ते."

"कुणापासून गुप्त?" ते म्हणाले. "बस खाली."

ती बसली. डीकननी मतपत्रिकेवरचं एकेक पद वरपासून घेतलं. राज्याचं, मग काउंटीचं, मग शाळा मंडळाचं. प्रत्येक पदाला नाव सांगितलं आणि ते का, तेही सांगितलं. एका नावापाशी ते अडखळले, डोळे मिटून आठवलं, आणि पुढं गेले. मध्ये दोनदा खोकल्याची उबळ आली. व्हर्नेलनं पाणी दिलं आणि पुन्हा येऊन बसली. शाळा मंडळाचा तिसरा सदस्य सांगून झाल्यावर ते थांबले.

"झालं," ते म्हणाले. "एवढंच होतं."

तिनं त्यांच्या मांडीवरची गोधडी नीट केली आणि उठली. अजून सहा घरं राहिली होती.