वाढत्या अंगाची फळी

नवी पेठेतल्या महादेवप्पांना गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावताना कुणी पाहिलेलं नाही. चाळीस वर्षं शाळेच्या गणवेशांचं दुकान. पोरगं पायरी चढतंय न चढतंय तोच ते गादीवरून ओरडायचे, "बाळासो, अठ्ठावीस काढ!" आणि पोराला अठ्ठावीस बरोब्बर बसायचा. मग तो अठ्ठावीस घडी होऊन कपाटात परत जायचा आणि बत्तीस बाहेर यायचा. "वाढतं अंग हाय," महादेवप्पा सांगायचे, "दोन नंबर मोठाच न्या." आईबाप खूश. पोरगं तेवढं बाह्यांत हात शोधत घरी जायचं.

ही अक्कल शर्टापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. पण माणसाला एक गोष्ट चांगली यायला लागली की सगळंच येतं असं वाटू लागतं, आणि महादेवप्पा काही जगावेगळे नव्हते.

त्यांची एकुलती एक मुलगी शिवानी सत्तावीस वर्षांची, जलतरण तलावावर पोहायला शिकवायची. दोन वर्षांपूर्वी जीवरक्षकाच्या कोर्सला मालवणला गेली आणि येताना एक खूळ घेऊन आली. लांबुळक्या फळीवर उभं राहायचं, हातात उंच वल्हं घ्यायचं आणि वल्हवत लाट गाठून तिच्यावरून किनाऱ्यापर्यंत घसरत यायचं. सोलापुरात कुठला समुद्र? पण पोरगी जिद्दीची. रविवारी हिप्परग्याच्या तलावात उसन्या फळीवर तोल सांभाळायची, सुट्टी मिळाली की मालवण गाठायची. ऑक्टोबरात तिथं स्पर्धा होती आणि तिनं नाव दिलं होतं. फळी मात्र स्वतःची लागणार होती. तिनं मालवणच्या एका दुकानदाराला फोनवर सात फूट चार इंची फळी सांगितली आणि पत्ता दिला अप्पांच्या दुकानाचा. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

कारण माल पाठवायच्या आधी दुकानदारानं पत्ता पक्का करायला फोन केला तो अप्पांच्या दुकानातल्या नंबरवर.

"सात फूट चार?" महादेवप्पांनी विचारलं. "आन् ह्याच्या वरचा नंबर?"

"मोठ्यात मोठी अकरा फूट सहा आहे काका. पण ती संथ पाण्याची. लाटेवर..."

"तीच पाठवा. पोरगी वाढती हाय."

"वय किती तिचं?"

"सत्तावीस."

"सत्तावीसला कुठली उंची वाढते काका?"

"उंची म्हणत न्हाय ओ मी," महादेवप्पांनी समजावलं. "शिक्षण वाढंल, हात बसंल, उद्या मोठ्या समुद्रात जाईल. दरवर्षी का नवी फळी घ्यायची? पाठवा तुमी, तिला मी सांगतो."

सांगितलं मात्र नाही. पोरीला चकित करायचं होतं. चकित तर सगळी पेठ झाली. ट्रान्सपोर्टमधून फळी रिक्षाच्या टपावर बांधून आणली, तिचं पुढचं टोक एका साडीच्या दुकानात आणि मागचं सराफाच्या काचेला. "काय महादेवप्पा, यात्रेला अजून चार महिने हायत, आत्ताच नंदीध्वजाची उंच काठी काढली का बे?" कुणीतरी ओरडलं. फळी दुकानात आडवी टांगली, पण दुकान आत दहाच फूट. म्हणजे दीड फूट फळी रस्त्यावर, बरोबर माणसाच्या कपाळाच्या उंचीला. अर्ध्या तासात तिघांची डोकी शेकली आणि बाळासोनं टोकाला लाल टॉवेल बांधला.

संध्याकाळी शिवानी आली. टॉवेल बघितला, फळी बघितली, मग अप्पांकडे बघितलं.

"ही माझी नाही."

"तुझीच की. दोन नंबर मोठी मागवली." महादेवप्पा हसले. "जन्मभर पुरंल."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. "अप्पा," ती म्हणाली, "स्पर्धेला बारा दिवस राहिले. ही फळी लाटेत नाक खुपसते, वळता वळत नाही. दोन वर्षं मी ह्याच्यासाठी मर मर मरतेय, आणि आता पहिल्याच फेरीत आपटणार." मग ती गणवेशांच्या कपाटाकडं वळली. "पहिलीचा गणवेश मला चौथीत मापात आला. तोवर त्याचा रंग उडाला होता. माझ्या अंगाला आजवर एक तरी गोष्ट आजच्या आज बसलीय का हो? मी कायम पुढच्या वर्षीच्या कपड्यात हिंडले!"

डबा घेऊन आलेली तिची आई बसम्मा मागं उभी होती. तीही संधी साधून म्हणाली, "माझ्या लग्नातला ब्लाऊज ह्यांच्याच दुकानातला. तेहतीस वर्षं झाली, अजून खांद्यावरनं घसरतोय."

 चाळीस वर्षांत माल परत घेऊन आलेलं गिऱ्हाईक महादेवप्पांनी पाहिलं नव्हतं, आणि आज घरचंच आलं होतं.  तिसरीतली शिवानी त्यांना दिसली, दोन्ही हातांनी स्कर्ट वर धरून प्रार्थनेला उभी राहिलेली. तेव्हा त्यांना त्याचं हसू आलं होतं.

बाळासो फळीखालून वाकून बाहेर आला. दुकानात तीस वर्षं काढलेला नोकर, मालकाला खरं सांगायचा हक्क त्यानं कमावला होता. "मालक, लग्नाच्या सीझनला आपण नवरदेवाचे कोट ठेवतो. ते कधी दोन नंबर मोठे दिलेत का?"

"याड लागलंय का तुला? कोट एका दिवसाचा असतो. त्या दिवशी अंगाला बसायलाच पायजे."

"मग पोरीची लाट तरी कुटं वर्षभर थांबणार हाय?"

 महादेवप्पा कोटाचं गिऱ्हाईक आल्यावर बसायचे तसे ताठ बसले आणि मालवणला फोन लावला. स्पीकर चालू केला. "चुकलो बघा," पहिलं वाक्य हेच. "आता सगळं पहिल्यापासनं सांगा. काय काय बघून माप ठरतं?"

दुकानदार भला माणूस. म्हणाला, लांब फळी सरळ धावते पण लाटेच्या तोंडावर वळत नाही. फार लहान घेतली तर लाट यायच्या आधीच पायाखाली डुगडुगते, उभं राहण्यातच दम जातो. "म्हणून आधी वजन बघायचं आणि सराव किती ते. त्या हिशोबानं फळी किती लिटरची ते ठरतं. ताईंनी बावन्न किलो सांगितलं होतं."

"अठ्ठावन्न," महादेवप्पा म्हणाले.

"अप्पा!"

"माझा डोळा बावन्न म्हणत न्हाय."

पार्सलचा काटा मागं होताच. शिवानी चपला काढून, ओढणी काढून, श्वाससुद्धा सोडून त्यावर उभी राहिली. अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅम.

"काटा जुनाय," ती पुटपुटली.

"बावन्न कधी होतीस?"

"कॉलेजात," तिनं खालमानेनं सांगितलं.

"आणि खऱ्या लाटेत किती वेळा उतरलायत ताई?" दुकानदारानं विचारलं.

"सहा-सात."

"मग सात-चार कशाला घेत होतात? ती मुरलेल्या माणसाची. पहिल्याच लाटेआधी पाण्यात पडला असतात."

शिवानीनं ओठ चावला. मग खरं काय ते सांगून टाकलं. "मला एकदा तरी लहान पाहिजे होतं." महादेवप्पांनी मान खाली घातली. पोरीच्या चुकीत अर्धा वाटा त्यांचाच होता.

दुकानदार म्हणाला, आठ फूट तीन, रुंदी एकोणतीस इंच, एकशे दहा लिटर. महादेवप्पांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा गळ्यात टेप घातली. बाळासोनं दुकानाच्या फरशीवर शिंप्याच्या खडूनं तेवढी फळी आखली. शिवानी तिच्यात पाय फाकून, गुडघे वाकवून उभी राहिली, हातात वल्ह्याच्या जागी शटर ओढायचा आकडा. "जरा मागं सरक," महादेवप्पा म्हणाले. ती सरकली. त्यांनी तिची पावलं बघितली, कडेला किती जागा उरते ते बघितलं, खांदे बघितले. मग फोनकडं वळून म्हणाले, "बसती. हीच द्या. पार्सल नको, पोरगी तिथंच येऊन उचलंल."

स्पर्धेच्या दिवशी त्यांनी एकाही गिऱ्हाइकाचं धड ऐकलं नाही. चौतीसच्या जागी चोवीस दिला, तेही दोघांना. दुपारी फोन वाजला.

"अप्पा, बसली!" मागून समुद्राचा आवाज येत होता. "दोनदा पडले. पण तिसरी लाट थेट वाळूपर्यंत! वळवली तिकडं वळली, अप्पा!"

"नंबर?"

"अकरा जणींत चौथा."

महादेवप्पांनी डोळे पुसले आणि बाळासोला खडूची धूळ गेली म्हणून दटावलं. फरशीवरचा खडू कधीच पुसून गेला होता.

मोठी फळी परत पाठवायची होती, पण महादेवप्पांना पाठवावीशी वाटेना. पुढच्या रविवारी ते हिप्परग्याला फळीवर चढले, वजन शहाण्णव किलो. लाइफ जॅकेट सवयीनं दोन नंबर मोठं घेतलं होतं, ते कानांपर्यंत वर आलं. काठावरून बसम्मा "बेडा, बेडा! नको म्हणते ना, उतरा!" करून ओरडत होती. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या शिवानीनं फळीचं शेपूट धरलं होतं. महादेवप्पा उभे राहिले. फळी जरासुद्धा हलली नाही.

"सैल होतेय का, अप्पा?"

"न्हाय गं," जॅकेटातून आवाज आला. "लई मापात हाय."

सोमवारी एक बाई सात-आठ वर्षांच्या पोरीला घेऊन आली. पोरगी जुन्या गणवेशात होती, बाह्या दोन-दोनदा दुमडलेल्या. महादेवप्पांनी सवयीनं हाक दिली, "बाळासो, सव्वीस काढ!" सव्वीस तिला बरोब्बर बसला. पोरीनं हात सरळ केले. दोन्ही पंजे बाहेर. तिनं ते उलटसुलट करून बघितले आणि हसली.

"दोन नंबर मोठा द्या की," आईच म्हणाली. "वाढतं अंग हाय."

बाळासोचा हात तीसच्या कप्प्यात गेलाच होता. महादेवप्पांनी त्याला खुणेनं थांबवलं.

"हाच न्या, ताई. आज बसतोय तर आज घालू द्या तिला." ते म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा या. आमी कुटं जातोय?"