एकमताने मंजूर

आमच्या युटलंड प्रांतात तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नाही. चौथ्यांदा केक वाढायला आलं तरी माणूस नुसता बशीवर हात ठेवतो. तेवढ्यावरून समोरच्याने समजून घ्यायचं.

गावच्या सहकारी डेअरीत माझा नवरा एव्हाल्ड लोणी काढायचा आणि आम्ही वरच्याच खोल्यांत राहायचो. डेअरी शहरातल्या मोठ्या संघात विलीन करायची की नाही, यावर त्या संध्याकाळी सभा होती. विलीन झाली तर दूध तापवायची आमची भट्टी विझणार होती आणि आमचं घरही जाणार होतं. गाई चार असोत की चाळीस, सभासदाला मत एकच, याचा गावाला केवढा अभिमान. एव्हाल्ड पगारी, म्हणून त्याला मत नाही. मी त्याची बायको, म्हणून माझ्या हातात कॉफीची किटली.

शहरातून आलेला गृहस्थ म्हणाला, "इंग्लंडला जाणारं लोणी देशभर एकाच चवीचं हवं. देशाचा विचार करा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. देशासाठी मान डोलवायला काय जातं?

माझे वडील लाऊस्ट अध्यक्ष होते. अध्यक्षाने स्वतःचं मत सांगायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्यांनी विचारलं, "कुणाचा विरोध आहे?"

चार गाईंच्या क्रेस्टेनने चाळीस गाईंच्या थ्यूगेकडे पाहिलं. थ्यूगेने बाबांकडे पाहिलं. बाबा टेबलावरच्या घंटीकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा विचारलं. मी ओतत होते तो कप भरून बशीत सांडायला लागला, तरी कुणी बोललं नाही.

"एकमताने मंजूर."

कोट चढवताना क्रेस्टेन थ्यूगेला म्हणाला, "तुला मोठी डेअरी हवी असणार. म्हटलं, कशाला आडवं यायचं."

"मला कुठे हवी होती? तुलाच इथल्या डेअरीचा खर्च झेपत नसेल, म्हणून गप्प बसलो."

दोघं ओशाळं हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मग परत सभा बोलवा की!"

"एकमताने झालंय, मेटाबाई," क्रेस्टेन टोपी घालत म्हणाला. "आता कसं मोडायचं?"

सगळे गेले. मी कप विसळत होते आणि बाबा शेजारी उभे राहून ते पुसत होते. एव्हाल्ड खाली भट्टीत उद्याच्या दुधासाठी कोळसा टाकत होता, त्याचा आवाज येत होता.

"मी दोनदा विचारलं," बाबा म्हणाले. "तू ऐकलंस ना?"

"मला नाही विचारलंत."

त्यांनी कप उजेडात धरला, आतून नीट पुसला आणि मांडणीवर ठेवला.

"तू सभासद नाहीस, मेटा," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी पुढच्या कपासाठी हात पुढे केला. मी दिला.