नकाराचं खोकं

दवाखान्यात सगळे तिला सिस्टर म्हणायचे. नर्सिंगचा कागद तिच्याकडे नव्हता. पण चौदा वर्षं डॉक्टरांच्या डाव्या हाताला उभं राहून आरसा, चिमटा आणि लाळ ओढायची नळी मागायच्या आत पुढे करणाऱ्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय? खुर्चीतला पेशंट घाबरला की डॉक्टर तिच्याकडे मान वळवायचे आणि ती ठरलेलं वाक्य म्हणायची, "अहो, मी स्वतः दाढा काढून घेतल्यात. काही होत नाही."

वाक्य अर्धंच खरं होतं. खालच्या दोन्ही अक्कलदाढा तिने काढून घेतल्या होत्या, तेही नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, एकही दुखत नसताना. एक्स-रेत त्या आडव्या दिसल्या आणि डॉक्टर म्हणाले, "आज ना उद्या त्रास देणारच." उरलेलं अर्धं ती गिळून टाकायची. तेव्हापासून तिच्या खालच्या ओठाची डावी बाजू बधिर होती. चहा हनुवटीवर ओघळला तरी पत्ता लागायचा नाही. समोरच्याची नजर खाली घसरली की ती रुमाल काढायची. "हळूहळू येईल जाणीव," डॉक्टर म्हणाले होते. बारा वर्षं झाली, अजून येतेच आहे!

आता लेकीची पाळी होती. एकोणीस वर्षांची पोर, जिभेला हाड नाही. गुरुवारी सकाळी दहाची वेळ आईनेच वहीत लिहून ठेवली होती.

"आई, पण मला दुखतंय कुठे?"

"दुखेपर्यंत थांबायचं का? त्रास देणारच त्या."

"कशावरून?"

"डॉक्टरांनी डोळ्यांनी बघितलंय. सुजलेले गाल घेऊन, विव्हळत येतात माणसं."

"अगं, दुखलं म्हणूनच आली ना ती? ज्यांनी काढल्या नाहीत आणि ज्यांना काहीच झालं नाही, ती कशाला येतील तुमच्याकडे तोंड दाखवायला?"

"आगाऊपणा पुरे," आई म्हणाली खरी, पण कांदा चिरता चिरता तिचा हात थांबला. ती माणसं कुठे जातात हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती खोक्यात जात होती.

दवाखान्याची पद्धतच तशी होती. दाढ काढायला जो नाही म्हणेल, त्याच्या कार्डाचा कोपरा दुमडायचा आणि कार्ड खालच्या कपाटातल्या बुटांच्या खोक्यात टाकायचं. सहा महिन्यांनी तपासणीला बोलावणारे फोन सरळ कोपऱ्यांच्या कार्डांनाच जायचे. "ज्याला आपलं ऐकायचं नाही, त्याच्यामागे कशाला धावायचं?" डॉक्टर म्हणायचे. आणि इतकी वर्षं ते कोपरे दुमडत कोण होतं? हीच बाई, स्वतःच्या नखाने.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तिने फोन लावायला सुरुवात केली. चौऱ्याहत्तर कार्डं. बावन्न जणांनी फोन उचलला. एका बसचालकाने विचारलं, "दाढ? आहे की तोंडातच. तुम्हाला हवी होती का?" एका शिक्षिकेला तर आपल्याला अशी काही दाढ आहे हेच आठवेना. नऊ जणांना त्रास झाला होता. दोघांचं नुसतं साफ करून भागलं, सात जणांनी दुसरीकडे जाऊन काढून घेतल्या आणि तेही बरे झाले. त्रेचाळीस जण मजेत होते. फोन न उचललेल्या बावीस नावांपुढे तिने 'माहीत नाही' असं लिहिलं. हे दोन शब्द त्या दवाखान्यात लिहिताना तिने आजवर कोणालाच पाहिलं नव्हतं.

बुधवारी सकाळी तिने कागद डॉक्टरांपुढे ठेवला.

"हे काय, संशोधन?" ते हसले. "फोनवर विचारून?"

"नाही डॉक्टर, हे संशोधन नाहीच. म्हणून तर विचारते. खरं संशोधन आहे का कुठे? न दुखणाऱ्या दाढा काढलेले आणि ठेवलेले, दोघांनाही वर्षानुवर्षं बोलावून कोणी बघितलंय?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. दोनदा पुसला. "थोडंफार झालंय. सरसकट काढाव्यात असा पुरेसा पुरावा नाही, असंच म्हणतात."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सिस्टर, पेशंटला 'नक्की माहीत नाही' असं सांगून चालतं का? घाबरतो तो. आम्हाला शिकवलं तसं आम्ही करतो." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "बरं, तुमच्या मुलीच्या राहू देत. वर्षातून एकदा बघत जाऊ."

राहू देत! इतकं सोपं होतं ते. तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिचा ओठही असाच राहू देता आला असता. आणि तिचं ते अर्धं वाक्य ऐकून खुर्चीत मान मागे टाकलेली ती सगळी माणसं? त्यांच्यातल्या कितीजणांच्या हनुवटीवर आज चहा ओघळत असेल, हे विचारायला तिने कधी फोन केला होता? डॉक्टरांचा राग आला तितकाच स्वतःचाही आला.

तेवढ्यात अकराची पेशंट आत आली. विशीतली मुलगी. गळ्याला निळा कागद बांधताच तिने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मला दुखत तर नाहीये," ती म्हणाली. "काढायलाच हव्यात का?"

डॉक्टरांनी सवयीने मान वळवली. "सिस्टर, सांगा ना यांना."

सिस्टरने तोंडावरचा मास्क उतरवला.

"हो, मी काढून घेतल्यात. दुखत माझ्याही नव्हत्या." तिने ट्रेमधली टोकदार सळई उचलली आणि स्वतःच्या खालच्या ओठाला डावीकडे टोचली. "हे मला कळलं नाही. बारा वर्षं कळत नाही."

"सिस्टर!" डॉक्टर ओरडले.

"सगळ्यांचं असं होत नाही," ती मुलीलाच सांगत राहिली. "फार थोड्यांचं होतं. दुखत असतील, सूज असेल, तर काढाव्याच लागतात. तुझ्या तशा नाहीत. न काढल्या तर काय होईल, ते डॉक्टरांना विचार. त्यांना ठाऊक आहे."

मुलीने मान वळवली. "काय होईल, डॉक्टर?"

लाळेची नळी रिकामीच घुरघुरत होती. डॉक्टरांनी ती बंद केली.

"नक्की सांगता येत नाही," ते अखेर म्हणाले. "कदाचित काहीच नाही."

मुलगी उठून बसली आणि तिने गळ्यातला कागद सोडला. सिस्टरने तिच्या कार्डावर पुढच्या वर्षीची तारीख घातली आणि कोपरा न दुमडता ते सरळ कार्डांच्या गठ्ठ्यात ठेवलं. मान वर केली तेव्हा मुलगी तिच्या हनुवटीकडे बघत होती. रक्ताचा ओघळ आला असणार. सिस्टरने रुमाल काढला नाही.