मधली रिकामी जागा

मी एक जुना तराफा आहे. मित्रांनो, सुनामगंजकडच्या हाओरात, म्हणजे पावसाळ्यात बुडणाऱ्या सखल रानात, हिजलकांदी नावाची एक हाटी, उंचवट्यावरची वस्ती, आहे, तिच्या घाटाला मी बांधलेला असतो. आमच्याकडे सहा महिने भाताची शेते असतात आणि सहा महिने त्याच शेतांवर समुद्रासारखे पाणी. तेव्हा प्रत्येक हाटी म्हणजे पाण्यावर ठेवलेली एक टोपली दिसते. मला पाण्याचेच महिने खरे वाटतात. कोरडे महिने मी चिखलात झोपून काढतो आणि त्या झोपेतही हळूहळू हलत असतो.

माझे बांबू उत्तरेच्या डोंगरांतले. त्यांना अजून तिथल्या धुक्याची आठवण येते. सकाळी पाण्यावर धुके उतरले की ते आतल्या आत कुरकुरतात. माझ्या पोटाखालची निळी पिंपे मात्र बाजारातली. त्यांत पूर्वी साबणाचे पाणी असावे, कारण पहिल्या वर्षी माझ्याभोवती फेस यायचा आणि बदके शिंकायची.

मला घडवले आंबिया नावाच्या बाईने. त्याआधीच्या वर्षी डोंगराचे पाणी चैत्रातच खाली आले होते. भात कापणीला आलेले, कणसे वाकलेली, आणि एका दुपारी त्यांच्यावरून पाणी गेले. लोक म्हणत, असे पूर्वी क्वचित व्हायचे, आता हवाच पालटली आहे. अर्धी हाटी दारांना कुलपे लावून ढाक्याच्या शिवणकारखान्यांकडे निघून गेली. आंबिया राहिली. तिने केळीचे खुंट एकत्र बांधले, त्यांवर जलपर्णी कुजवून पसरली आणि पाण्यावरच मिरची लावली.

तिचा नवरा तोता मियाँ इंजिनाची नाव चालवायचा. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगे, "आमची बाई शेत तरंगवतेय. उद्या चूल ढगात मांडील. मग मला जेवायला शिडी लागेल."

"शिडी तुझी तू आण," आंबिया म्हणायची.

मिरची आली. पण केळीचे खुंट लवकर कुजतात. मोठा, टिकाऊ तराफा बांधायचा तर पैसे हवे होते. म्हणून ती गावच्या बँकेत गेली. परत आल्यावर तिने सासूला, खोदेजाला, तिथले बोलणे सांगितले. ते मी नंतर इतक्यांदा ऐकले की मला पाठ झाले आहे.

"जमीन आहे ना तारण ठेवायला?" साहेबांनी विचारले होते.

"आहे. सध्या तिच्यावरून नावा चालल्यात."

"मग पाणी ओसरलं की या."

"पाणी ओसरल्यावर तराफा घेऊन काय करू?"

साहेब हसले होते म्हणे, पण पैसे मिळाले नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात शिप्रा तालुकदार नावाची एक तरुण बाई नावेतून उतरली. बदलत्या हवेचा मार ज्यांना आधी बसतो, त्यांच्यासाठी लांबलांबच्या लोकांनी मिळून एक निधी उभा केला होता, त्याच्याकडून ती आली होती. बँक जिथे हात आखडता घेते तिथे तो पुढे यायचा. पीक आले की थोडे थोडे परत करायचे, पाण्याने घात केला त्या वर्षी मात्र नाही, असा त्याचा नियम होता.

शिप्राने केळीच्या खुंटांवरची मिरची पाहिली. "तिखट आहे का हो?"

"खाऊन बघा की, दीदी."

शिप्राने चावली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. खोदेजा माठातले पाणी घेऊन आली नि म्हणाली, "चारी बाजूंनी पाणी, आणि बाई तहानेनं मरायची इथं."

ठसका थांबल्यावर शिप्राने विचारले, "आपा, किती तराफे बांधाल?"

"आधी एक. तो बुडाला नाही तर पुढचं बोलू."

तो एक म्हणजे मी, मित्रांनो.

माझ्यावर कुजलेल्या जलपर्णीचे आणि चिखलाचे वाफे झाले. कडेने दुधीचे वेल चढले, टोकाला बदकांचे खुराडे बसले. ती वर्षे आठवली की माझे बांबू अजून हलके होतात. वारा पडलेल्या दुपारी आभाळ खाली उतरून माझ्याभोवती पसरे आणि ढग माझ्या कडांना लागून जात. धुक्यात हाटी दिसेनाशी झाली की मला वाटे, जगात जमीन म्हणून उरलो तो मीच. मग खोदेजाचा खोकला ऐकू येई आणि हाटी परत जागेवर येई.

पण मी नुसता शोभेचा नव्हतो. कार्तिकात पाणी उतरते तेव्हा सगळ्यांनाच टोमॅटोची, फुलकोबीची रोपे एकदम हवी असतात, आणि बी टाकायला कोरडी जागा कुणाकडेच नसते. माझ्यावरची रोपे तेव्हा वीतभर झालेली असत. जमीन उघडी पडताच लोक ती नेऊन लावत. आजूबाजूच्या हाट्या आंबियाला आधीपासून सांगून ठेवू लागल्या. बायकांनी गट केला, आणखी तराफे झाले. ढाक्याला गेलेल्यांच्या दारांची काही कुलपे उघडली. तोता मियाँ आता प्रवाशांना वाकडी वाट करून माझ्याजवळून न्यायचा आणि "आमचं शेत" म्हणायचा. शहरातून पाहुणे यायचे, माझे फोटो काढायचे. मी जरा फुगलो होतो, हे खरे.

मग तो भाद्रपद आला. वारा पूर्वेकडून उठला आणि आफाल सुरू झाली. हाओरातल्या त्या लाटा उंच नसतात, पण त्या हाटीचा काठ उंदरासारख्या कुरतडत राहतात. पूर्वेकडचे तराफे दोर तोडून भरकटले. लहान नावा पाण्याने भरल्या. तोता मियाँ सकाळीच प्रवासी घेऊन बाजाराला गेला होता आणि त्या लाटांतून त्याला परतता येत नव्हते. पश्चिमेच्या आडोशाला मी तेवढा राहिलो होतो, अंगावर हिरवीगार रोपे घेऊन.

दुपारी शेजारच्या पारुलच्या घराची मागची भिंत पाण्यात गेली. पारुल ढाक्याहून बाळंतपणाला आलेली होती. मूल काही दिवसांचे होते. तिच्या घरानंतर खोदेजा-आंबियाचे घर होते, त्यानंतर आणखी दोन. हिजलाच्या झाडांच्या रांगेपलीकडे उंचावर शाळेची पक्की इमारत होती, पण तिथे जायला मीच होतो. ओल्या मातीच्या वजनाने मी इतका खाली बसलो होतो की अजून चार माणसेही मला पेलली नसती.

आंबिया माझ्यावर चढली. तिने एका रोपाच्या पानावरचे पाणी बोटाने झटकले. तिचा हात तिथेच थांबला. मला वाटले, ती काहीतरी वेगळा उपाय काढील. मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी वाफा पाण्यात ढकलू लागली.

"भाबी, रोपं," पारुल काठावरून म्हणाली. "लोकांनी सांगून ठेवलीत ती."

"रोपांचं मी बघते. तू चढ आधी. बाळाचं डोकं झाक."

एकेक वाफा जात होता तसा मी वर येत होतो. मित्रांनो, हलके होण्याची मला आवड आहे, पण त्या दिवशी मला ते हलकेपण नको होते. रोपे लाटांवर थोडा वेळ उभीच राहिली, जणू पाण्यातच लावली आहेत. मग ती आडवी झाली.

खोदेजा खुराड्याकडे बोट दाखवत उभी होती.

"अम्मा, बदकांना पोहता येतं," आंबिया ओरडली.

"मला ठाऊक आहे. मला येत नाही म्हणून विचारतेय, मी बसू कुठं?"

त्या गडबडीतही पारुल हसली. म्हातारी खुराड्याला पाठ टेकून बसली. चार घरांची माणसे माझ्यावर दाटीवाटीने बसली आणि आंबिया व पारुलचा दीर लांब बांबूंनी मला रेटू लागले. हिजलाच्या बुंध्यांवर मी दोनदा आपटलो. माझी तीन पिंपे फुटली. शाळेच्या पायऱ्यांना लागलो तेव्हा माझी एक बाजू पाण्याखाली होती आणि सगळी माणसे दुसऱ्या बाजूला सरकून बसली होती. बाळ झोपले होते.

पाणी उतरल्यावर मी शाळेमागच्या चिखलात पडून राहिलो. त्या कार्तिकात रोपे कुणालाच मिळाली नाहीत. शेजारच्या हाटीची एक बाई आंबियाला तोंडावर म्हणाली, "आमचा हंगाम तू पाण्यात ओतलास."  त्यानंतर आंबियाने माझ्याकडे येणे सोडले. माझ्या फटींतून गवत उगवले. मला चालत्या पाण्याची स्वप्ने पडत आणि जाग आली की अंगाखाली चिखल असे.

हिवाळ्यात शिप्रा एका साहेबांना घेऊन आली. निधीतून पुढे इथे मदत करायची की नाही, हे त्यांना ठरवायचे होते. साहेब वाईट नव्हते. बराच वेळ माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "म्हणजे बाग टिकली नाही."

शिप्रा काही बोलणार, तेवढ्यात आंबियाने विचारले, "साहेब, तुम्ही मदत मिरच्यांना केली होती की आम्हाला?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तोता मियाँने त्यांच्यासाठी शाळेतली खुर्ची आणली. ते बसले आणि म्हणाले, "पुन्हा बांधायचा झाला, तर काय वेगळं कराल?"

 आंबियाने माझ्या मोडक्या कडेवरून मधोमध नजर नेली.

"मधे जागा सोडीन."

"कशासाठी?"

"माणसांना बसायला. म्हणजे वाफे ढकलावे लागणार नाहीत."

"पीक कमी येईल मग."

"येईल," आंबिया म्हणाली.

उत्तर यायला फाल्गुन उजाडला. शिप्रा शेतांच्या बांधावरून चालत आली तीच हसत. पैसे मंजूर झाले होते. आंबियाने पहिला निरोप पाठवला तो शेजारच्या हाटीच्या त्या बाईला. "तुझ्या हाटीचा तराफा आपण आधी बांधू," असा.

आता हाओरात पुष्कळ तराफे आहेत. प्रत्येकाच्या मधे आठ-दहा माणसे बसतील एवढी मोकळी चौकट असते. तिथे मिरची लावायचा मोह सगळ्यांना होतो. परवाच एकीने हळूच दुधीचे बी टोचले, तर आंबियाने ते उपटून तिच्या हातात दिले. "हे परसात लाव," म्हणाली.

माझी पुन्हा कुणी बाग केली नाही. माझी पिंपे बदलली आणि मला घाटाला बांधले. माझ्यावर उभ्या राहून बायका कपडे धुतात, मुले पाण्यात उड्या मारतात. नवे तराफे माझ्यासमोरून जातात तेव्हा मी अर्धवट झोपेत असतो. त्यांच्या मधल्या चौकटीत कधी ऊन बसलेले असते, कधी एखादा बगळा.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले कुणी असे काही नवे बांधतील, कुणी बांधणाऱ्याच्या पाठीशी उभे राहतील. पाणी दाराशी यायची वाट पाहू नका, आधीच या. एखाद्याचे काम बुडाले तर ते कशासाठी बुडाले, हे विचारल्यावाचून परत जाऊ नका. आणि काहीही बांधाल तेव्हा मधे थोडी जागा माणसांसाठी रिकामी सोडा. ज्या वर्षी ती कुणाला लागणार नाही, ते वर्ष चांगले गेले असे समजा.