आउलिक्कीने माझी मान हलवून पाहिली

मित्रांनो, मी एक जुना, छोटा ड्रिल प्रेस आहे. म्हणजे टेबलावर उभे राहून वरून खाली सरळ भोक पाडणारे यंत्र. रंगाने मी हिरवट करडा. सध्या मी इतका खुशीत आहे, की गोष्ट कुठून सुरू करू तेच कळत नाही.

माझा जन्म स्वीडनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून बोटीने फिनलंडला आलो आणि ईसाल्मी गावातल्या शाळेत सुतारकामाच्या वर्गात उभा राहिलो. मुले माझ्याकडून पाखरांची घरटी आणि मेणबत्त्यांचे ठोकळे करून घेत. हा कधी वाकडा जात नाही, असे शिक्षक म्हणत, तेव्हा मला कोण अभिमान वाटे! पुढे वर्गात मोठे यंत्र आले. मला जुन्या पडद्याखाली झाकून कोठीत ठेवले. कोठी रिकामी करताना शाळेने मला जुन्या सामानाच्या दुकानात दिले. तिथे लोक माझ्यावर आपले हातमोजे ठेवत आणि शेजारची यंत्रे बघत.

एकदा वसंतात तिथे आउलिक्की आली. ती दातांच्या दवाखान्यातली निवृत्त परिचारिका. मागून तिचा नवरा वेइक्को रेंगाळत आला. तो नावा बांधणारा, पण आजारपणानंतर त्याचा उजवा हात थरथर कापू लागला होता. साइमी या आपल्या नातीसाठी त्याने कांतेले करायला घेतले होते. कांतेले म्हणजे मांडीवर ठेवून वाजवायचे पाच तारांचे वाद्य. तारा ताणणाऱ्या खुंट्यांसाठी भोके पाडताना हातातले ड्रिल घसरले आणि फळी चिरली. भोक तिरके गेले तर खुंटी ढिली बसते, तार सुरात राहत नाही. त्याने हत्यारांची पेटी मिटली ती मिटलीच. त्याच्या वडिलांनी वाळवलेली एकच फळी आता उरली होती आणि तीही साऊनाच्या, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत घाल, असे तो म्हणाला होता. आउलिक्कीने हे सगळे दुकानदार तार्मोला एका दमात सांगितले. वेइक्को तोवर छताकडे बघत राहिला.

तार्मोने आधी लाल दिव्याचे, चकचकीत, मोठे यंत्र दाखवले.

“हे ठेवायचं तर साऊना पाडावा लागेल,” वेइक्को म्हणाला.

दुसरे हलके आणि स्वस्त होते. आउलिक्कीने त्याचा दांडा खाली ओढला आणि भोक पाडणारे टोकदार बिट पकडणारी मान हलवून पाहिली. ती लगेच डुगडुगली.

“हा तर हलणारा दात. मुळातच ढिला आहे.”

मग तिने माझ्यावरचे हातमोजे उचलले. माझी मान धरून पुढेमागे ओढली. मी केसभरही हललो नाही.

“वेइक्को, इकडे ये. हा हलत नाही.”

तो नाखुशीनेच आला. पण आल्यावर त्याने तार्मोकडे काटकोन तपासायचा गुण्या मागितला, माझ्या तळपाटावर उभा धरला आणि बिटाला टेकवला. मध्ये फट नव्हती. पट्टा एका पुलीवरून दुसरीवर सरकवून त्याने वेग बदलून पाहिला. बटण दाबले. इतक्या वर्षांनी माझा घसा बसलेला असेल, अशी मला धास्ती होती. पण मी छान गुणगुणलो! मग भोक किती खोल जावे, ते अडवायची सोय आहे का, असे त्याने आपणहून विचारले. आउलिक्कीचे डोळे चमकले.

“पण हात कापणारच माझा,” तो हळूच म्हणाला.

“कापू दे. तू दांडा ओढ. सरळ तो जाईल.”

साऊनाबाहेरच्या खोलीत त्यांनी मला टेबलाला बोल्टांनी पक्के बसवले. वेइक्कोने आधी टाकाऊ तुकड्यावर सराव केला. मग ती शेवटची फळी आली. आउलिक्की उत्साहाने ती हातानेच दाबून धरायला गेली.

“हात काढ,” तो म्हणाला. “आधी क्लॅम्पने आवळ. फिरली तर बोटं नेईल.”

त्याने दांडा धरला. त्याच्या हाताचा थरथराट माझ्या दांड्यात उतरला. मित्रांनो, मी माझा खांब आणि मान घट्ट रोखून धरली. थरथर दांड्यापाशीच राहिली, बिट सरळ खाली गेले आणि लाकडाच्या कुरळ्या ढलप्या वर आल्या. पाचही भोके झाली. वेइक्कोने भुसा फुंकला, खुंटी बसवली आणि फिरवून पाहिली. ती घट्ट होती. तो बराच वेळ ती फिरवतच राहिला.

उन्हाळ्याच्या सणाला साइमी आली. अंगणात बसून ती मनसोक्त वाजवत होती. एकही तार उतरली नाही. हे कोणी बनवलं, असे तिने विचारले.

“आम्ही दोघांनी,” वेइक्को म्हणाला.

“मी कुठे काय केलं?” आउलिक्की लाजली.

“तू नाही गं. तो आतला.”

“असं का? मग आज कॉफीही त्याच्याकडूनच घे.”

मित्रांनो, यंत्र निवडताना त्याची चमक बघू नका, मान हलवून बघा. काम झाले की भुसा झटका, तेलाचा थेंब द्या. आणि कोणाचा हात कापू लागला, म्हणून त्याला कामावरून उठवू नका. बरे, आता पुरे करतो. साइमीच्या मैत्रिणीलाही कांतेले हवे आहे आणि वेइक्कोने बटण दाबले आहे.