फाटकावरचं फडकं

ऑर्वलने पिपाणी ओठांत धरली आणि पिल्लाचं रडणं काढलं. तीन हुंदके, तिसरा मध्येच चिरकलेला, आणि शेवटी गिळलेला आवंढा.

मग तो झुडपांत पालथा पडून राहिला. मे महिना होता. ऊन डोंगरावर आलं होतं, पण पोटाखालची जमीन अजून गारठलेली होती. टोपीच्या लोकरी कानपट्ट्या त्याने वर करून डोक्यावर बांधल्या होत्या, नीट ऐकू यावं म्हणून. आठवड्याभरात कायोटींनी, इथल्या लांडग्यासारख्या कोल्ह्यांनी, त्याची नऊ कोकरं नेली होती. जवळपास कुठेतरी व्यालेली मादी होती आणि बिळात खाणारी तोंडं रोज मोठी होत होती. अशा दिवसांत पिल्लू रडलं की आईबाप धावत येतात. चाळीस वर्षं ऑर्वल याच भरवशावर त्यांना बंदुकीपुढे बोलावत आला होता.

ओहोळापलीकडून उत्तर आलं. पिल्लाचंच.

ऑर्वल मनातल्या मनात हसला. किती दिवसांनी इतकं स्वच्छ ऐकू आलं होतं! पंधरवड्यापूर्वी पुतण्या क्लेट भरल्या जेवणाच्या टेबलावर म्हणाला होता,

"काका, यंदा मी जातो. तुम्हाला आता मागून ट्रॅक्टर आला तरी कळत नाही."

"तुला पिपाणी धरायला कुणी शिकवलं रे, गाढवा?"

"तुम्हीच. तेव्हा तुम्हाला ऐकू येत होतं."

सगळे हसले होते. त्यानंतर दोघांत बोलणं नव्हतं.

म्हणूनच आज ऑर्वल खालच्या फाटकातून आला नव्हता. या खोऱ्यात शिकारीला शिरणाऱ्याने फाटकाला लाल फडकं बांधायचं, दुसऱ्याने ते पाहून मागे फिरायचं, हा त्याच्या बापाने घातलेला नियम. पण फडकं बांधलं असतं तर क्लेटला कळलं असतं. ऑर्वल मागच्या टेकडीवरून पायी उतरला होता. फडकं त्याच्या खिशात होतं.

कोपरांवर सरकत तो वीसेक हात पुढे गेला आणि पिपाणीतून पुन्हा रडला. उत्तर आलं, या वेळी बरंच जवळून.

तो थांबला. बीळ जागचं हलत नाही. हा आवाज मात्र हलला होता.

समोरचं एक झुडूप थरथरलं. ऑर्वलने बंदूक खांद्याला लावली, बोट चापावर नेलं. पुन्हा रडणं आलं. तीन हुंदके, तिसरा चिरकलेला, आणि शेवटी आवंढा.

कुठलंही पिल्लू तसा आवंढा गिळत नाही. तो ऑर्वलने स्वतःच्या डोक्याने जोडलेला होता आणि आयुष्यात एकालाच शिकवला होता.

त्याने बोट काढून घेतलं. आणि मग त्याच्या दुसरी गोष्ट लक्षात आली. पलीकडेही एक बोट चापावर होतं. त्या बोटालाही त्यानेच शिकवलं होतं: उत्तर थांबलं की समजायचं, जनावर निघालं. मग जे पहिलं हलेल त्यावर गोळी.

त्याने हाक मारायला तोंड उघडलं. कोरड्या घशातून नुसती हवा बाहेर आली.

पिपाणी अजून मुठीत होती. हात अगदी हळू वर नेत त्याने ती दातांत धरली आणि होती नव्हती ती सगळी फुंक घातली. बेसूर, फाटका, फाटकात मान अडकलेल्या बदकासारखा आवाज निघाला. वीस वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी, क्लेटने अगदी असाच आवाज काढला होता आणि दोघं हसून हसून गवतावर लोळले होते.

काहीच झालं नाही. समोरचं झुडूप वाऱ्याने पुन्हा थरथरलं. त्यामागे कुणी नव्हतं.

डावीकडे, तीस पावलांवर, क्लेट उभा राहिला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. त्याने बंदुकीतली गोळी काढली. ती हातातून निसटून गवतात पडली, तरी तो वाकला नाही.

"फाटकावर माझंच फडकं होतं, काका," तो म्हणाला. "एकच."

ऑर्वलने खिशातलं फडकं काढून दाखवलं.

"खिशात? खिशात कुणाला दिसणार होतं ते?"

ऑर्वलने विचारलं, "तुला काय दिसत होतं?"

क्लेटने तोंड दुसरीकडे वळवलं.

"कान," तो म्हणाला. "झुडपावर दोन कान."

ऑर्वलचा हात टोपीकडे गेला. वर बांधलेल्या पट्ट्यांची टोकं त्याने चाचपून पाहिली. गाठ सुटायला वेळ लागला. क्लेट पुढे झाला नाही आणि ऑर्वलनेही मदत मागितली नाही. पट्ट्या खाली ओढून त्याने हनुवटीखाली घट्ट बांधल्या. फडकं क्लेटच्या हातात दिलं आणि तो फाटकाच्या दिशेने चालू लागला.

क्लेट मागोमाग निघाला. दहा पावलांवर तो थबकला. मागे उतारावर, अगदी जवळ, पिल्लं कुंईकुंई करत होती, चार नाहीतर पाच. खरीखुरी.

त्याने काकाकडे पाहिलं.

ऑर्वल त्याच चालीने पुढे जात होता.